नववा घाव

दोन हजार बावीस साल, फाल्गुन शुद्ध तृतीया, शनिवार. होळीला बारा दिवस होते. थंडी गेली होती आणि ऊन अजून पुरतं तापलं नव्हतं.

"तर आधी काय करू, वस्ताद? किडनी काढू, का औषधं घेऊ?"

तिमाप्पा वस्तादानं मान वर केली नाही. त्याच्या पुढ्यात जात्याची तळी होती. पीठ जाडं पडतं म्हणून गावातल्या कुणीतरी आणून टाकलेलं जातं. त्याला तो टाकी लावत होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून डाव्या हाताचं बोट पुढं फिरायचं आणि त्याच्या मागं टाकीची धार बसायची.

टक्. टक्. टक्.

नागाप्पा देवकर उभाच होता. जाईल तिथं लोक त्याला खुर्ची देत. इथं खुर्ची नव्हती आणि बस म्हणणारंही कुणी नव्हतं.

"वस्ताद, ऐकलं का?"

"एक फेरा राहिलाय."

फेरा झाला. वस्तादानं तळीवर फुंकर मारली. खोकला आला, तो पुरता खोकून घेतला.

"कुणाची किडनी?"

"माझी."

"मला वाटलं, डोंगर विकत घ्यायला आलास."

नागाप्पा हसला नाही. त्याची मुलगी रेणुका मागं फाईल छातीशी धरून उभी होती. ती मात्र हसली आणि लगेच गप्प झाली. तिला हसून बरेच दिवस झाले होते.

वस्ताद त्र्याऐंशीचा. आयुष्य दगडात गेलं. छातीत दगडाचीच भुकटी बसलेली. जुन्या खाणीच्या तोंडाशी एका खोलीत एकटा राहायचा. पंचवीस-तीस पोरं त्याच्या हाताखाली पाथरवट झाली. त्यातला सगळ्यात तयार हात नागाप्पाचा. तो शहाऐंशी साली निघून गेला. पुढं त्यानं खडीचं मशीन टाकलं, मग दुसरं टाकलं, गाड्या घेतल्या. ज्या डोंगराला वस्ताद टाकीनं हात लावायचा, तसे तीन डोंगर नागाप्पानं खडी करून रस्त्यावर पसरले. छत्तीस वर्षांत इकडं फिरकला नव्हता.

"बस," वस्ताद म्हणाला. "त्या दगडावर. पोरी, तू पण."

नागाप्पा बसला. बसताना त्यानं डाव्या बरगडीला हात लावला.

"किती दिवस झाले?"

"लघवीला लाल दिसलं दिवाळीच्या आधी. उष्णता म्हणून धन्याचं पाणी पीत राहिलो."

"दोन महिने," रेणुका म्हणाली.

"दीड."

"दोन, आण्णा."

"बरं, दोन. मग तपासलं. डाव्या किडनीत गाठ. मोसंबीएवढी. छातीत पसरलीय. एका बरगडीतबी हाय."

वस्तादानं टाकी मांडीवर आडवी ठेवली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तीन डॉक्टर, तीन तऱ्हा. सांगलीचा म्हणतो, जिथनं उठलं ते आधी काढा. मुंबईचा म्हणतो, नुसती गोळी घ्या, गाठीचं रक्त तुटतं तिनं. पुण्याची एक बाई हाय. ती म्हणते, इंजेक्शन आणि गोळी जोडीनं आधी. किडनीचं मागनं बघू."

"का म्हणते?"

उत्तर रेणुकानं दिलं. "त्या म्हणाल्या, आधी कापलं तर भरून यायला महिना-दीड महिना जाईल. तेवढ्यात छातीतलं वाढेल. ते आधी आवरायला हवं."

"मग?"

नागाप्पा पुढं सरकला. हेच सांगायला तो आला होता.

"मी म्हटलं, ठीक. आता मला सगळं लिहून द्या. पहिलं काय, ते चाललं न्हाई तर दुसरं काय, मग तिसरं, मग चौथं. मी आयुष्यात कागदाशिवाय काम धरलं न्हाई. तर म्हणते कशी, पहिलं सांगते. तीन महिन्यांनी फोटो काढू, काय झालंय ते बघू, मग पुढचं ठरवू. चौथं आज लिहून देता येत न्हाई, काका."

"मग तू काय म्हणालास?"

"उठलो. जिला चौथी पायरी ठाऊक न्हाई, तिनं पहिली दाखवू नये. अडाणी बाई."

"आण्णा, त्या वीस वर्षं हेच करतायत."

"करू दे."

वस्तादानं विचारलं, "तू काय ठरवलंस?"

"मी माझं ठरवलंय. आधी साधी गोळी. ती थकली की दुसरी. मग ऑपरेशन. आणि ते जोडीचं, सगळ्यात जालीम, ते शेवटाला. हातात राखून ठेवायचं. भारी हत्यार आधीच वापरलं, तर मग पुढं काय?"

"त्यावर बाई काय म्हणाली?"

रेणुका फाईलकडं बघत बोलली.

"त्या म्हणाल्या, दुसऱ्या औषधापर्यंत सगळे पोचत नाहीत, काका."

...

"सहा आठवडे गेले, आजोबा," रेणुका म्हणाली. "कागद घेऊन दारोदार फिरतोय. जानेवारीत छातीत चार ठिपके होते, परवा सात निघाले. अकरा किलो उतरलेत. गुरुवारी दहाला पुण्यात बोलावलंय. नाही गेलो, तर पुढं अंगाला औषध सोसेल का, ते सांगता येत नाही म्हणाल्या. आणि हे म्हणतात, वस्तादांना विचारल्याशिवाय नाही."

"मला?" वस्ताद म्हणाला. "मला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हीच शिकवलंय," नागाप्पा म्हणाला. "आधी हलका हात, मग भारी. त्याच्यावरच मी सगळं उभं केलं. एवढं सांगा, की माझं बरोबर हाय. म्हणजे हिचं तोंड मिटेल."

वस्ताद हात टेकत उठला.

"तुझा अर्धा दिवस माझ्याकडं राहिलाय," तो म्हणाला.

नागाप्पाचा चेहरा उतरला.

त्यांच्यात रीत होती. वस्तादाकडून सुटणाऱ्या गड्यानं शेवटचा एक दिवस वस्तादाच्या दगडावर राबायचं. उगवतीपासून मावळतीपर्यंत. मजुरी नाही, जेवण वस्तादाचं. तो दिवस भरला की गडी मोकळा, मग त्यानं कुठंही जावं. नागाप्पानं तो दिवस सकाळी धरला आणि दुपारी भाकरी खाऊन हात धुतले, ते तसाच गेला. खडीच्या मशीनवाल्याची गाडी खाली रस्त्यावर उभी होती. तिमाप्पानं उरलेला दगड संध्याकाळपर्यंत एकट्यानं फोडला होता, आणि त्यावर कधी कुणाशी बोलला नव्हता.

"वस्ताद, माझ्या अंगात रक्त न्हाई. आठावर आलंय."

"अंगात रक्त होतं तेव्हा गेलास."

"आजोबा," रेणुका म्हणाली, "त्यांना जिना चढवत नाही."

"जिना न्हाईच इथं."

खोलीच्या मागं एक काळा दगड आडवा पडला होता. चार हात लांब, गुडघाभर उंच. वर गेरूची रेघ. रेघेवर पाचरी बसवायची सात घरं खोदून झालेली. आठव्याच्या जागी नुसती फुली.

"शाळेच्या दाराची पायरी हाय. पोरं पडतात तिथं. आठवड्याला एक घर होतं माझ्यानं," वस्ताद म्हणाला. "आठवं तुझं."

त्यानं टाक्यांची पेटी पायानं सरकवली. आत पाच टाक्या होत्या. चार वापरून गोल झालेल्या. एक कालच भट्टीतून काढून पाणी दिलेली, तिची धार निळी दिसत होती.

नागाप्पा दगडासमोर बसला. त्यानं पेटीकडं पाहिलंही नाही. हात सरळ निळ्या धारेवर गेला.

वस्तादानं ती टाकी त्याच्या हातातून काढून घेतली आणि एक बोथट दिली.

नागाप्पानं बोथट टाकी पेटीत टाकली आणि पहिली परत ओढून घेतली.

वस्तादानं पुन्हा ती काढून घेतली.

"काय चाललंय, वस्ताद?"

"चांगली राखून ठेव. पुढं लागंल."

"आणि घर वाकडं बसलं तर? पाचर तिरकी जाईल, दगड भलतीकडं फुटंल. मग पुढं कशाला लागंल, माझ्या डोक्यात घालायला?"

वस्तादानं टाकी दिली.

नागाप्पानं ती फुलीवर टेकवली. हातोडी उचलली... आणि तशीच धरून राहिला.



"हात हलका सांगितला होता," वस्ताद म्हणाला. "हत्यार न्हाई."

नागाप्पानं मान खाली घातली आणि काम सुरू केलं.

पूर्वी चिलीम विझायच्या आत त्याचं एक घर खोदून व्हायचं. आज तास लागला. दहा घाव झाले की तो थांबायचा. कपाळावर घाम यायचा तोही गार. एकदा टाकी हातातून निसटली. रेणुका पुढं झाली तेव्हा त्यानं डोळ्यांनीच तिला मागं सारलं. वस्ताद शेजारी उकिडवा बसला होता. ना बरं म्हणाला, ना पुरे म्हणाला.

घर झालं. वस्तादानं त्यात करंगळी घालून पाहिली. सरळ होतं. आठही घरांत त्यानं पोलादी पाचरी उभ्या केल्या.

नागाप्पानं हातोडी उचलली.

"थांब," वस्ताद म्हणाला. "पोरी, कागद हाय का?"

"आहे."

"मला येत न्हाई, तू लिही. हा घाव घालणार हाय. कुठला कुठं घालणार, ते सगळं आधी लिहून घे. मीबी आता कागदाशिवाय काम धरत न्हाई."

रेणुकानं फाईलमधल्या एका रिपोर्टची कोरी बाजू वर केली.

"सांग. पहिला?"

"पहिल्या पाचरीवर. हलका," नागाप्पा म्हणाला.

"दुसरा?"

"दुसऱ्या पाचरीवर."

"आठवा?"

"आठव्या पाचरीवर. एक फेरा पुरा. हे काय विचारणं झालं?"

"नववा?"

"नववा..." नागाप्पा थांबला. "नववा आत्ता कसा सांगू?"

"का?"

"पाचरी ताणल्या की आवाज बदलतो. जी बद्द बोलंल तिथं दगड सुटाय लागला. जी खणखणीत, तिला अजून ताण हवा. ऐकल्याशिवाय नववा कसा ठरणार? तुम्हाला काय ठाऊक न्हाई?"

"तिसावा सांग. शेवटचा सांग. मला पुरा कागद पायजे."

"वस्ताद, चेष्टा करू नका. शेवटचा घाव कुणाच्या बापाला सांगता येत न्हाई."

"हां," वस्ताद म्हणाला. "मग अडाणी हाईस तू."

...

रेणुकाची पेन्सिल कागदावरच राहिली. आठ ओळी झाल्या होत्या. नववीवर नुसता आकडा होता. तिनं तोंड वळवलं. खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, ते नागाप्पानं पाहिलं नाही. तो हातातल्या हातोडीकडं बघत होता.

तो म्हणाला, "थकलोय, वस्ताद."

"दिसतंय की."

"दगड फोडून न्हाई. विचारून विचारून. ज्याला त्याला विचारलं. वाटायचं, कुणीतरी शेवटपर्यंतचं सांगंल. मग भ्या वाटणार न्हाई."

वस्तादानं पहिल्या पाचरीवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

नागाप्पानं घाव घातला. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज चढत गेला. आठव्यापर्यंत आला आणि थांबला. कान दगडाजवळ नेला. मग उठून चौथ्या पाचरीवर एक घाव घातला. थांबला. ऐकलं. सहावीवर एक. पुन्हा थांबला.

फेरे होत गेले. सूर्य डोक्यावरून कलला. प्रत्येक घावानंतरचं थांबणं लांबत गेलं, कारण ऐकायलाही दम लागत होता.

कधीतरी चौथी पाचर बद्द बोलली. नागाप्पाच्या डोळ्यांत जुनी चमक आली. त्यानं हातोडी ठेवून शेजारचा घण उचलला. उचलवत नव्हता, तरी उचलला.

वस्तादानं त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत अजून जोर होता.

"वस्ताद, एक घाव. सुटेल तो."

"सुटाय लागलाय. त्याचा त्याला फुटू दे."

"किती वेळ?"

"त्याला विचार."

दोघं बसले. रेणुकानं चूल पेटवून चहा केला. दूध नव्हतं. काळा चहा तिघांनी प्याला. नागाप्पानं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. कुणी आग्रह केला नाही.

दगडातून मधूनच बारीक आवाज यायचा. उन्हानं तापलेलं लाकूड निवताना करतं तसा.

"रेणू," नागाप्पा म्हणाला.

"काय आण्णा?"

"त्या पुण्याच्या बाईंना फोन लाव. गुरुवारी येतो म्हणावं. दहाच्या आधी येतो. इंजेक्शन आणि गोळी. जोडीनं."

"आणि चौथ्या पायरीचं विचारू?"

"गप गं."

तिनं फोन घेतला. खाणीच्या तोंडाशी रेंज नव्हती, म्हणून ती रस्त्याकडं चालत गेली. चालता चालता पळायला लागली.

तिची पावलं ऐकू यायची थांबली तेव्हा नागाप्पा म्हणाला, "बरा होईन का, वस्ताद?"

...

वस्ताद दगडाकडं तोंड करून बसला होता.

"मला नववा ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "तू शेवटचं विचारतोस."

मावळतीला दगड सुटला. मोठा आवाज झाला नाही. भेग चौथ्या पाचरीपासून दोन्ही अंगांना गेरूच्या रेघेवरून सरळ निघाली. डावीकडं टोकापर्यंत गेली. उजवीकडं सातव्या पाचरीपर्यंत नीट आली आणि तिथून वळली. आत कुठंतरी शीर होती, वरून दिसली नव्हती. कोपरा तिरका तुटून बाजूला पडला.

नागाप्पा उठला. भिंतीला धरून उठला. तुटलेल्या कडेवरून त्यानं हात फिरवला.

"आठवं घर सरळ होतं, वस्ताद. तुम्ही बघितलंत."

"सरळच होतं."

"तरी भेग वाकडी गेली."

"गेली."

"पायरी वाया गेली."

वस्ताद गुडघ्यांवर बसला. त्यानं दगडाची लांबी वितीनं मापली. एकदा, आणि उलट्या बाजूनं पुन्हा एकदा. तुटलेल्या कडेवर बोट नेलं, तिथं थोडा वेळ ठेवलं.

"पायरी न्हाई व्हायची," तो म्हणाला. "पाटा होईल."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. रेणुका हात हलवत होती.

नागाप्पा वाकला. वस्तादाच्या पायांना हात लावला. उठताना त्याला तोल सावरेना, तेव्हा वस्तादानं दंडाला धरून उभं केलं, आणि लगेच सोडलं.

"अर्धा दिवस फिटला. जा."